आबाच्या रक्तावरची साय

शेवंतीला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ती जरा जास्तच ठासून बोलली.

"आमचो आबा दारू पियत नाय."

डॉक्टर मान हलवून पुढे गेले. शिरोड्याच्या त्या दवाखान्यात खाटेवर आबा पोट धरून वाकडातिकडा झाला होता. वर्षातली ही तिसरी कळ. आई नाही, भावंडं नाहीत. होड्यांवर जन्म काढलेला हा एवढा बाप गेला तर तिचं होतं कोण? पण ते दारूबंदीचे दिवस. आबा रोज फेणी रिचवतो हे कबूल केलं आणि पोलिसांनीच त्याला उचललं, तर?

"जरा इकडे येता?"

रक्त तपासणारा हरिश्चंद्र दारात उभा होता. उंच, सावळा, आणि डोळे... छे, ही काय डोळे बघायची वेळ होती? पण तिने बघितले ते बघितलेच.

त्याने खिडकीच्या उजेडात काचेची नळी धरली. तळाशी गोठलेलं रक्त आणि वर पांढरंफटक काहीतरी.

"हे वरचं शहाळ्याच्या पाण्यासारखं नितळ हवं."

"ह्या तर नारळाच्या रसासारख्या दिसता... रक्तात दूध खंयसून इला?"

"दूध नाही, चरबी. कालपासून पोटात अन्न नाही, तरी एवढी. रोजच्या दारूने काहींच्या रक्तात ती अशी वाढते, मग पोटात आग पडते. पुन्हा प्याले तर—" तो थांबला. "इथलं बोलणं पोलिसांकडे जात नाही. माझा शब्द."

शेवंतीने पदर घट्ट धरला. "रोज पिता," ती हळूच म्हणाली. "रोज एक बाटली."

डॉक्टरांनी आबाला पंधरा दिवस ठेवून घेतलं. दारू सुटताना त्याने सगळ्यांना शिव्या घातल्या, हरिश्चंद्राला जरा जास्तच. मग दर महिन्याला आबा उपाशीपोटी रक्त द्यायला येऊ लागला, आणि मागे पेजेचा डबा घेऊन शेवंती.

"पेज उरली आहे का?" हरिश्चंद्र विचारायचा.

"उपाशी कोण, आबा की तुमी?"

"मीसुद्धा. तुम्ही येणार म्हटलं की घास उतरत नाही."

"मगे तुमचाच रगत तपासा," असं म्हणून ती डबा पुढे सरकवायची. परतताना मात्र तिचे गाल तापलेले असायचे.

चौथ्या महिन्यात नळी नितळ निघाली. आबाने ती उन्हाकडे धरून कितीदा तरी पाहिली. "झिला, पोरा, तू माका मरणातसून परत हाडलंस," हरिश्चंद्राला एवढंच म्हणून तो डोळे पुसत बाहेर गेला.

शेवंतीने हात जोडले. ऊर भरून आला होता तिचा. "तुमचे उपकार..."

"उपकार नको गो." इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच आपल्या बोलीत बोलला. "माका तुझ्याशी लगीन करूचा आसा. पण आबाक वाचवलंय म्हणान होय म्हणू नको... तसा असात तर नायच सांग."

शेवंतीने जोडलेले हात सोडले आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

"उपकार आबावर झाले, ते आबा फेडीत," ती म्हणाली. "मी होय म्हणतंय, ता माझ्या मनान."