फोटोशेजारची जागा

संयोगिता पोवार फ्लेक्सच्या दुकानात शिरली, तेव्हा कृष्णात चौगुले कॉम्प्युटरवर एका वाढदिवसवाल्याला गॉगल बसवत होता. मूळ फोटोत गॉगल नव्हता. पण कसबा बावड्यात गॉगलशिवाय वाढदिवस होत नाही, एवढं संयोगितालाही ठाऊक होतं. तिने ओढणीने पेनड्राइव्ह पुसून पुढे केला आणि सांगितलं, की यातली तीन चित्रं खऱ्या मापात पाहिजेत, आणि उद्याच पाहिजेत.

त्याने फाइल उघडली. स्क्रीनभर नुसती बटणं.

"फोटो कुणाचा टाकायचा?"

"फोटो न्हाय. विमानाचं कॉकपिट हाय हे. एवढंच छापायचं."

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. गुडघ्यापर्यंत भिजलेली सलवार, कपाळाला चिकटलेले केस… पाहायचं ते त्याने पाहून घेतलं आणि घाईघाईने पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घातलं. वाढदिवसवाल्याच्या गॉगलची एक काच त्या दिवशी बसवायची राहून गेली, हे पुढे त्यानेच कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी तिने घरी गुंडाळी उलगडली आणि डोक्याला हातच लावला. कॉकपिटमधल्या दोन खुर्च्यांच्या मधल्या भागाचं चित्र होतं, त्याच्या तळाशी ठळक लाल अक्षरांत छापलं होतं — 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार, कसबा बावडा'. ती तशीच छत्री घेऊन दुकानाकडे निघाली.

"इंजिन बंद करायचा लिव्हर कुठाय यातला?"

"आसंल की."

"मित्रपरिवाराच्या खाली गेलाय त्यो."

तो इतका ओशाळला, की तिला हसू आवरेना. संध्याकाळी तो स्वतःच नवं प्रिंट घेऊन घरी आला. माडीवरची पेंडीची पोती बाजूला सारून आण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, भिंत मोकळी करून ठेवली होती. कृष्णातने समोर एक फ्लेक्स ताणून बसवला, एक छताला, आणि मधलं चित्र पाटावर चिकटवून दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये ठेवलं. पेंडीच्या वासात विमान तयार झालं.

आण्णांना प्रश्न पडला होता, की पोरीला पायलटची नोकरी लागली, मग ती घरी बसून भिंतीला बोटं का लावते? संयोगिताने त्यांना आणि ओघाने कृष्णातलाही सगळं समजावलं. कंपनीने घेतलं म्हणून लगेच विमान हातात देत नाहीत. आधी काही आठवडे वर्ग — नियम, विमानाची यंत्रणा, परीक्षा. मग अशाच चित्रासमोर बसून कुठलं बटण कधी, कुठलं वाक्य कधी, ते हाताला आणि जिभेला पाठ करायचं. मग सिम्युलेटर. ती खोली जमिनीवरच असते, पण आत बसलं की खरंच उडाल्यासारखं वाटतं. तिथे इंजिन बंद पाडतात, धूर करतात, धुकं आणतात. शेवटी तपासणी. ती पार पडली, की खरं विमान, शेजारी शिकवणारा कॅप्टन आणि मागे प्रवासी. तिचे वर्ग झाले होते. सिम्युलेटरची पाळी बारा दिवसांनी होती, म्हणून ती घरी आली होती.

एक गोष्ट मात्र तिने आण्णांना सांगितली नाही. ती तिने कृष्णातला सांगितली, का कोण जाणे. आण्णा चहा आणायला खाली गेले होते.

"वर्गातल्या सरांनी माझा चित्रासमोरचा सराव बघून कागदावर लिहून दिलंय. हात चांगला चालतो, पण ही शेजारच्याला कामच करू देत न्हाय. कुठलंबी इंजिन बंद करायचं झालं, तर एकानं लिव्हरवर हात ठेवायचा, दुसऱ्यानं बघून 'कन्फर्म' म्हणायचं, मगच ओढायचा. मी… त्यानं म्हणायच्या आधीच ओढतो."

कोल्हापूरच्या मुली बोलतात तशीच ती बोलायची, 'मी करतो, मी जातो.' चुकून चांगलं इंजिन बंद झालं, तर वर थांबायला जागा नसते, हेही तिने सांगितलं. सिम्युलेटरमध्ये पुन्हा असं झालं तर ट्रेनिंग थांबणार होतं, आणि ट्रेनिंग थांबलं की नोकरी संपली. एकटीच्या जिवावर लहान विमान उडवून शिकलेली ती. तिला सगळं एकटीनेच उरकायची खोड होती.

कृष्णातने पाटावरच्या चित्राची सुटलेली कड दाबून बसवली. मग म्हणाला, "आमच्यात बी हेच की ओ. मी नाव वाचतो, गिऱ्हाईकानं बघून 'बरोबर' म्हणायचं, मग छापतो. घाईला आलेला माणूस मी वाचायच्या आधीच व्हय व्हय करतो. एकदा शेजारच्या गावच्या सरपंच सयाजीरावांचं नाव उपसरपंचांच्या खाली गेलं… आठ टाके पडले."

"कुणाला?"

"मला."

त्याने भुवईवरची खूण दाखवली. ती जरा जवळूनच पाहावी लागली. जिन्यावर कपांचा आवाज झाला, आणि दोघंही एकदम छताच्या बटणांकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून तो दुकान बंद करून रोज यायला लागला. डाव्या खुर्चीत तो कॅप्टन, उजवीत ती. तो तिने दिलेली बटणांची इंग्रजी यादी मराठी नावं वाचावीत तशी ठासून वाचायचा, आणि ती उत्तर द्यायची. ती आधी बोलली, की तो कागद मांडीवर पालथा ठेवायचा. "मी वाचलंय का आजून?" बस्स, एवढंच. मग पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी त्याने कागद सतरा वेळा पालथा घातला, आणि तिला त्याचा भयंकर राग आला. चौथ्या दिवशी तीन वेळा. सातव्या दिवशी ती लिव्हरवर हात ठेवून थांबली… थांबली… आणि तो 'कन्फर्म' म्हणेचना. तिने वळून पाहिलं. तो लिव्हरकडे बघतच नव्हता.

"कॅप्टन, काम करा."

त्याचे कान लाल झाले. "कन्फर्म," तो पुटपुटला. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता, आणि तिला वाटलं, बारा दिवस फारच थोडे आहेत. ते तिने मनातच ठेवलं. तिला त्या वेळी पास व्हायचं होतं.

हैदराबादला सिम्युलेटरमध्ये तपासणीच्या दिवशी विमान धावपट्टीवरून उचललं आणि डावं इंजिन गेलं. संयोगिताचा हात बरोबर लिव्हरवर होता. शेजारचा जोडीदार मात्र गांगरला. एक सेकंद गेला, दुसरा गेला. जुन्या संयोगिताने तेवढ्यात लिव्हर ओढून पुढचं कामही सुरू केलं असतं. तिने जीभ दाताखाली धरली, विमानाचं नाक सरळ ठेवलं आणि शांतपणे पुन्हा सांगितलं, "डावा लिव्हर. कन्फर्म कर." त्याने पाहिलं. त्याने म्हटलं. मगच तिने ओढला. तपासणाऱ्याने कागदावर एक बारीकशी खूण केली, आणि संध्याकाळी ती पास झाल्याचं कळलं.

तिने पहिला फोन आण्णांना केला. दुसरा फोन लावताना मात्र ती जरा अडखळली. कृष्णात फोनवर इतकंच म्हणाला, "चांगलं झालं की," आणि मग दोघांपैकी कुणीच फोन ठेवेना.

खऱ्या विमानावर जायच्या आधी चार दिवसांची सुट्टी मिळाली. ती येईतो गल्लीच्या मंडळाने चौकात तिचा फ्लेक्स लावायचं ठरवून टाकलं होतं. कृष्णातने तिला डिझाईन तपासायला बोलावलं. स्क्रीनवर डावीकडे युनिफॉर्ममधली ती, गॉगलशिवाय. खाली शुभेच्छुकांची एक्केचाळीस नावं. उजवीकडे भलीमोठी जागा रिकामी.

तो एकेक नाव वाचत गेला. ती प्रत्येकाला 'बरोबर' म्हणत गेली. एक्केचाळीस झाली.

"तुमचं नाव न्हाय यात."

"छापणाऱ्याचं कोपऱ्यात आसतंय, बारीक." त्याने माऊस उगाच इकडेतिकडे हलवला. "एक नाव ऱ्हायलंय तसं… पर ते शुभेच्छुकांत बसत न्हाय."

तो काय म्हणणार आहे ते तिला कळलं होतं. हैदराबादला, रोज रात्री यादी घोकताना, तिने त्याचं उत्तरही ठरवून ठेवलं होतं. ते अगदी ओठांवर आलं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि थांबली. हे त्याचं काम होतं, त्यानेच बोलायचं होतं. प्रिंटिंगचं मशीन मागे घरघरत होतं, आणि तिला त्या सिम्युलेटरमध्येसुद्धा एवढी भीती वाटली नव्हती.

"ती उजवीकडची जागा," तो शेवटी म्हणाला. "तिथं बसतंय का बघा. आत्ता चौकात न्हाय… लग्नाच्या फ्लेक्सवर. तुम्ही आठवडा आठवडा बाहेर ऱ्हाणार, ते मला म्हाईत हाय. मी हितंच आसतो."

"कन्फ—"

"थांबा. आधी वाचतो." त्याने कीबोर्ड ओढला, रिकाम्या जागेत टाइप केलं आणि ठासून वाचलं. "कृष्णात पिराजी चौगुले."

संयोगिताने खुर्ची पुढे ओढली. तिच्या फोटोशेजारचं ते नाव तिने एकेक अक्षर बघून घेतलं. मग कीबोर्डवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला.

"बरोबर," ती म्हणाली. "आता आण्णांना विचार, आणि छाप."