अकरा घरांच्या अकरा फिल्म्स

"अहो, उडी मारा! आत्ता!"

मी धक्क्यावरून ओरडले. लाट बोटीला वर उचलते तेव्हाच उडी मारायची असते. पण हा माणूस छातीशी भलंमोठं खोकं कवटाळून उभा होता, आणि रेनकोट त्यानं स्वतःऐवजी खोक्याला घातला होता.

"आधी हे घ्या."

"आधी तुम्ही या!"

"हे माझं नाही हो... शाळेचं आहे."

शेवटी खोकं माझ्या हातात आलं, मग पोस्टाची थैली, आणि सगळ्यात शेवटी तो. केसांतून पाणी निथळत होतं.

"मला पुढच्या बेटावरच्या शाळेत जायचं होतं. कप्तान म्हणाला, समुद्र खवळलाय, इथंच उतर. परत बोट कधी?"

"समुद्राला विचारा," मी म्हणाले. "आत काय आहे?"

"प्रोजेक्टर."

"म्हणजे सिनेमा?"

"सिनेमा नाही. सिनेमा दाखवायचं यंत्र."

दोन हजार एक सालचा मे महिना. पार उत्तरेच्या समुद्रातल्या आमच्या लिटलॉय बेटावर अकरा घरं, त्रेचाळीस माणसं आणि एक पोस्ट. ते पोस्ट मी सांभाळायचे. सिनेमा पाहायचा तर दोन बोटी बदलून शहर गाठावं लागे.

त्याचं नाव हानुस. क्लाक्सविक शहरातला. वीज-तारांची, यंत्रांची कामं करायचा. आम्ही त्याला शाळेच्या रिकाम्या खोलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशीही बोट नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी रोज काही ना काही निमित्त काढून तिकडे जायचे. एकदा रुबार्बचा जॅम, एकदा कोरडे मोजे.

"खोकं उघडायचं नाही का?" चौथ्या दिवशी मी विचारलं.

"उघडून दाखवायचं काय? माझ्याकडे एकही फिल्म नाही. फक्त हा आहे..." त्यानं खिशातून डिजिटल कॅमेरा काढला. पंजात मावेल एवढा. "आणि थोड्या कोऱ्या कॅसेट."

"थोड्या म्हणजे?"

"एक डझन."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे. "नाही," तो म्हणाला.

"मी अजून काही बोललेच नाही!"

"डोळे बोलले."

नियम मी केला. प्रत्येक घरानं पाच मिनिटांची फिल्म काढायची, पण स्वतःच्या घराची नाही. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याच्या घरी जायचं आणि एक असा प्रश्न विचारायचा, जो इतकी वर्षं शेजारी राहूनही विचारला नाही.

चिठ्ठ्या पोस्टातच काढल्या. माझ्या बाबांनी आपली उघडली आणि चेहरा काळवंडला. एल्स्पा मावशी! एका मेंढ्याच्या मालकीवरून बाबा आणि ती बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आई गेली तेव्हासुद्धा मावशी दारापर्यंत येऊन परत गेली होती.

"दुसरी काढतो," बाबा म्हणाले.

"नियम म्हणजे नियम," हानुस शांतपणे म्हणाला. मला तेव्हा तो पहिल्यांदा आवडला. म्हणजे... आवडला हे पहिल्यांदा कळलं.

बाबा गेले. मी आणि हानुस दगडी कुंपणाआडून बघत होतो. अर्धा तास ते भुरभुर पावसात कॅमेरा डोळ्याला लावून दारासमोर उभे. आतून पडदा हलायचा, पुन्हा स्थिर व्हायचा.

"तुझे बाबा कुणाचं ऐकतात का?" हानुस कुजबुजला. आम्ही 'तू'वर कधी आलो, कळलंच नव्हतं.

"कुणाचंच नाही. मीही नाही."

"ते दिसतंय..."

दार उघडलं. "आत ये, मिक्याल," मावशी म्हणाली. "कॅमेरा भिजेल."

पोस्टाच्या नावानं एक चिठ्ठी मीही काढली होती. तिच्यावर हानुसचं नाव होतं. बेटावर त्याचं घर नसलं तरी त्याची चिठ्ठी मीच टाकली होती. आता लपवून काय उपयोग?

तो बाकावर बसला, मी कॅमेरा धरला. "कुणी वाट बघतंय का तुझी?"

कॅमेऱ्यातलं लाल टिंब चमकत राहिलं.

"लग्न ठरलं होतं," तो म्हणाला. "तिनं मोडलं. म्हणाली, तू सगळ्यांच्या घरी उजेड पाडतोस, माझ्याशी मात्र दोन शब्द बोलत नाहीस. खरं होतं तिचं..." मग मान वर करून, "आता बंद कर ना."

मी बंद केला. पण तो बोलतच राहिला, संध्याकाळच्या कॉफीपर्यंत. ते कॅसेटवर नाही.

नवव्या दिवशी होड्यांच्या शेडमध्ये खेळ झाला. आमच्याकडे मेमध्ये अंधार कुठला? खिडक्यांवर गोणपाटं ठोकली, भिंतीवर जुनं शीड ताणलं. बाबांची फिल्म लागली. एल्स्पा मावशी लोकर पिंजतेय, पाच मिनिटं, नुसती. शेवटी बाबांचा आवाज: "त्या दिवशी दारातून परत का गेलीस?" आणि ती, हात न थांबवता: "तू हाकललं असतंस तर... सहन झालं नसतं म्हणून."

मग अंधारातून मावशी म्हणाली, "मिक्याल, माझं नाक खरंच एवढं मोठं आहे?"

"बारा वर्षं सांगायचं होतं," बाबा म्हणाले. हशा थांबेचना.

दुसऱ्या दिवशी समुद्र निवळला. बोट आली.

"पुढच्या मेमध्ये पुन्हा करू," हानुस म्हणाला. "शेजारच्या बेटांनाही बोलावू. प्रोजेक्टर बघतो कुठून तरी..."

"प्रोजेक्टरचं कुणी विचारलं?"

बोटीनं भोंगा दिला. तो गेला. मी चिडले, इतकी की त्या दिवशी सगळ्या पाकिटांवर शिक्के उलटे पडले.

शनिवारी पोस्टात रांग होती. माझी मान खाली. "पुढे या," म्हणत वर पाहिलं, तर समोर हानुस! त्याच्या मागे मावशी आणि बाबा.

"तिकीट?" मी विचारलं.

"नको." त्याचे कान लाल झाले होते. "मला बोलायचंय. बोटीवर पाठ केलं होतं सगळं... आता आठवत नाही. बार्बा, मला तुझ्याशी रोज बोलायचंय. इथं राहून. तुला चालणार असेल तर."

"मोठ्यानं बोल रे," मावशी म्हणाली, "मागे ऐकू येत नाही."

"तिला ऐकू आलंय," बाबा म्हणाले.

आलं होतं. मी काउंटरची फळी उचलली आणि त्याला आत घेतलं.

पुढच्या मेमध्ये चार बेटांवरून एकतीस फिल्म्स आल्या. कुणीतरी त्याला महोत्सव म्हणालं, आणि नाव चिकटलं. आमच्या लग्नाची फिल्म बाबांनी काढली होती. त्यात आम्ही दोघं मिनिटभरच दिसतो. उरलेली चार मिनिटं एल्स्पा मावशी नाचतेय.