मायनस सातचा मास्क

तो दुकानात शिरला तो ओल्या पायांनीच. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पाण्याची रांगोळी उमटली.

"पाय!" काउंटरमागून ती ओरडली.

"पाय ठीक आहेत हो. डोळा फुटलाय," असं म्हणत त्याने पोहण्याचा मास्क पुढे ठेवला. उजवी काच तडकली होती.

पर्यटकांना प्रवाळ दाखवायला नेणारी निळी बोट याची, हे तिला ठाऊक होतं. मामांच्या चष्म्याच्या दुकानात असल्या मास्कना नंबरची भिंगं बसवायचं काम तिचंच. मामा डोळे तपासायचे, भाची काच घासायची, आणि अख्ख्या बंदरात तिच्या हाताला तोड नव्हती.

"तुम्हाला खाली काय जास्त आवडतं?" त्याने सहज विचारलं. "मासे की प्रवाळ?"

"मी कधी गेलेच नाही."

"काय सांगता! सगळ्या गावाला समुद्र दाखवता आणि स्वतः..."

"न्हावी स्वतःचे केस कापतो का?" तिने चष्मा नाकावर चढवला. "परवा या. कोरड्या पायांनी."

तो परवा आला. मग पट्टा सैल झाला म्हणून आला. मग पट्टा फार घट्ट झाला म्हणून. दर वेळी जाताना "एकदा बोटीवर चला" म्हणायचा.

"या मुलाचा मास्क भारी नाजूक दिसतो," मामा वर्तमानपत्राआडून म्हणाले. "सारखा आजारी पडतो."

ती लाजली, आणि लाजल्याचा रागही आला.

एका दुपारी त्याने पुन्हा बोटीवर बोलावलं तेव्हा तिने खरं ते सांगून टाकलं. लहानपणी चष्मा आईकडे देऊन ती पाण्यात उतरली होती. लाटेने गर्रकन फिरवलं. डोळे उघडले तर चहूकडे नुसता पांढरा धूर... किनारा कुठला, समुद्र कुठला, काही कळेना. किनारा समजून ती चालत राहिली, आणि पाणी गळ्याशी आलं. मामांनी वेणीला धरून ओढलं म्हणून वाचली.

तो हसला नाही.

"म्हणजे तुम्हाला पाण्याची भीती नाही," तो म्हणाला. "न दिसण्याची आहे."

"तुम्हाला सोपं वाटतं सगळं!"

"नाही वाटत. म्हणून आता आग्रह करणार नाही. पुढच्या बाकावर जागा मात्र ठेवीन... रोज."

त्यानंतर मास्क आजारी पडायचा थांबला. दाराची घंटी वाजली की ती मान वर करायची, आणि कुणीतरी भलताच माणूस दिसायचा. शेवटी एका संध्याकाळी तिने स्वतःच्या मायनस सात नंबरची जाडजूड भिंगं घासायला घेतली. मामांनी पाहिलं. "कडेचं रबर नीट बसव," एवढंच म्हणाले.

सकाळी ती बोटीत चढली. तो दोर सोडत होता... तिला बघून सोडतच राहिला.

"जागा आहे ना?" तिने विचारलं.

"जागा? हो— म्हणजे— आहे की!"

प्रवाळाजवळ पाणी उथळ होतं, हिरवट, कोमट. तिने श्वास घ्यायची नळी दातांत धरली. एक श्वास... आणि चेहरा पाण्यात.

दिसलं! नखाएवढ्या माशाच्या अंगावरचा पिवळा पट्टा दिसला. जांभळ्या पंख्यासारख्या प्रवाळाची एकेक जाळी दिसली. पोपटी मासे दगड कुरतडत होते आणि त्यांची कुरकुर चक्क ऐकू येत होती. शेजारी तो होता. मासे सोडून तिच्याकडेच पाहत होता.

एवढ्यात एका पर्यटकाचा पाय तिच्या मास्कला लागला. मास्क सरकला, पाणी आत शिरलं. पुन्हा तोच पांढरा धूर! तो झेपावला. तिने हात वर केला— थांब. मास्कची वरची कड कपाळावर दाबली आणि नाकाने जोरात श्वास सोडला. पाणी बुडबुड करत खालून निघून गेलं. जग पुन्हा लख्ख झालं.

ती उसळून वर आली, नळी काढली आणि सगळा समुद्र दणाणेल अशी ओरडली. "मी केलं! माझं मी केलं!"

"बघितलं!" तो तिच्याहून जोरात ओरडला. "माझं तर काळीज तोंडात आलं होतं!"

"खरं सांग," ती पाणी निथळत म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं ते तिलाही कळलं नाही. "पट्टा खरंच सैल होता?"

"दातांनी ओढून सैल करायचो."

"आणि घट्ट?"

"तो... मुद्दाम. तुला बघायला यायचो गं. रोज यावंसं वाटायचं. पण रोज मोडायला मास्क कुठून आणू?" तो लाटेवर हेलकावत होता, आवाजही हेलकावत होता. "लग्न करशील माझ्याशी?"

तिने नळी तोंडात घातली, त्याचा हात पकडला आणि चेहरा पाण्यात बुडवला.

"अगं, उत्तर तरी दे!"

नळीतून एक लांबलचक, घुमणारा "होऽऽऽ" बाहेर आला.

बोटीतल्या एक काकू दचकून कठड्याशी आल्या. "अरे, हा कसला आवाज? मोठा मासा आहे की काय खाली?"

"नाही हो काकू," तो हसत ओरडला, "माझं लग्न ठरलं!" आणि तिच्या हाताच्या ओढीने तोही पाण्यात दिसेनासा झाला.