चौथं सलाईन

माझ्या मामाला थापा मारता येत नाहीत. पत्त्यांत चांगलं पान आलं तरी त्याचा चेहरा फुलतो आणि सगळा डाव फुटतो. म्हणून सांगते, हे खरंच घडलंय.

बुधवार होता. दुपारचे चार. लख्ख उजेड.

मामा लिफ्ट दुरुस्त करतो. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस. त्याची धाकटी बहीण, आमची बेबीमावशी, आठ वर्षं अंथरुणाला खिळलेली. नैराश्य. गोळ्या बदलल्या, डॉक्टर बदलले, विजेचे झटकेही देऊन झाले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"दादा, आता मला जाऊ दे ना रे," एकदा ती म्हणाली.

त्या दिवसापासून मामा तिच्या दाराशी सतरंजी टाकून झोपायला लागला.

शेवटचा उपाय उरला होता. केटामिन नावाचं औषध, सलाईनमधून. सहा वेळा.

"त्या चाळीस मिनिटांत यांना काहीबाही दिसेल, ऐकू येईल. घाबरू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं.

तीन सलाईन झाली. फरक शून्य.

चौथ्या वेळी नर्सने सुई लावली, मावशीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि काचेपलीकडच्या टेबलाशी जाऊन बसली. खोलीत मामा आणि मावशी, दोघंच. पडद्याआड आणखी एक खुर्ची होती. रिकामी.

सलाईनच्या पंपाची बारीक टिकटिक चालू होती.

"दादा..." मावशी पुटपुटली, "ती रडतेय बघ."

"कोण गं?"

"शेजारची."

मामाने पडदा सारला. खुर्ची तशीच. कुणी नाही.

औषधाचा अंमल, त्याने मनाशी म्हटलं. पण मग त्यालाच ऐकू आलं...

श्वास.

मावशीचा नव्हे. तिची छाती खाली जाई आणि त्यानंतर तो येई. मामाने स्वतःचा श्वास रोखून धरला.

तरीही आला.

यंत्राचा आवाज एकसारखा असतो, हे मामाला कुणी शिकवायला नको. हा मध्येच अडकत होता. खूप रडून झाल्यावर अडकतो, तसा.

त्याला सुई लावलेली नव्हती. त्याच्या अंगात औषधाचा थेंबही नव्हता.

दुसरा कुणी पळाला असता. मामा गुडघ्यांवर बसला. आठ वर्षांत माणूस कुठे येऊन ठेपतो बघा.

"बाई, तुम्ही ज्या कुणी असाल त्या असा," तो हात जोडून म्हणाला, "हिला सोडा. कुणीतरी हवंच असेल, तर मी आहे."

श्वास थांबला.

पंपाची टिकटिकही ऐकू येईना...

मग त्याच्या मानेला, अगदी कानाखाली, गार झुळूक लागली.

सलाईन संपलं. मावशीने स्वतःच्या हाताने पट्टी काढली.

"दादा, भूक लागलीय रे."

आठ वर्षांत पहिल्यांदा! मामा ढसाढसा रडला.

नर्स सुई काढायला आली. इकडेतिकडे बघत म्हणाली, "काका, पेशंटजवळ एकालाच थांबता येतं. त्या बाईंना आत का घेतलंत?"

"कुठल्या बाई?"

"तुमच्या मागे वाकून उभ्या होत्या, त्या."

याला आता पाच महिने झाले. मावशी शिकवण्या घेते, भाजीवाल्याशी हुज्जत घालते. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडलं. पडलं असेलही.

मामा मात्र कामावर जात नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतो. अंघोळीलाही उठवावं लागतं.

"मामा, त्याच डॉक्टरांकडे जाऊ या," मी काल हात धरून विनवलं. "मावशी बरी झाली, तसा तूही होशील."

त्याने मान वळवली. स्वयंपाकघरात मावशी गुणगुणत होती. तो बराच वेळ ऐकत राहिला.

"मी बरा झालो," तो हळूच म्हणाला, "तर ती बाई कुणाकडे जाईल?"

उद्या सकाळी अकराची वेळ घेतलीय. मावशी म्हणते, तीच त्याच्याजवळ बसेल.

मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.