कोल्बीच्या शेजारी कोण बसलं होतं?

मागच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी, मिसिसिपीतल्या टालाहाला स्टेट विद्यापीठाच्या बेसबॉल संघाने आपल्या इतिहासातला पहिला नो-हिटर पूर्ण केला.

असा कुठलाही सामना झालेला नाही.

विद्यापीठाच्या नोंदीत त्या तारखेसमोर 'पावसामुळे रद्द' असं लिहिलंय. त्या महिन्यात आमच्याकडे पाऊस सोडाच, साधा ढगसुद्धा फिरकला नव्हता.

पण मी तिथे होतो. यातला शब्दन् शब्द खरा आहे.

आधी आमच्या संघाचा इतिहास सांगतो. फार वेळ लागणार नाही. शंभर वर्षांत आम्ही एक चषक जिंकला आणि परत येताना तो बसमध्येच विसरलो. संघाचं चिन्ह मांगूर मासा. आमचे दोन माजी खेळाडू पुढे आमदार झाले, पण त्यात बेसबॉलचा दोष नाही.

माझं नाव डेंटन. मी फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, तिसऱ्या क्रमांकाचा कॅचर. म्हणजे पहिले दोन कॅचर एकाच दिवशी मेले, तर मला खेळवायचं की नाही यावर चर्चा होईल, असा.

कोल्बी थिगपेन आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. माझा खोलीतला जोडीदार. पोरगा साधा, घोरणारा आणि दिलदार. माझे मोजे न विचारता घालायचा आणि न धुता परत द्यायचा.

त्या दुपारी तो वेगळाच माणूस होता.

चार डाव झाले. समोरच्यांपैकी एकालाही त्याच्या चेंडूवर धड फटका मारता आला नव्हता. नऊच्या नऊ डाव असेच गेले, तर तो नो-हिटर.

आणि आता आमची रीत ऐका. पिचरचं असं काही जमून येत असेल, तर त्याच्याशी कुणी बोलत नाही. त्याच्या शेजारी बसत नाही. त्याच्याकडे बघत नाही. त्या गोष्टीचं नावही काढत नाही. काढलं की नजर लागलीच म्हणून समजा.

पाचव्या डावानंतर बाक हळूहळू रिकामा झाला. आम्ही सगळे एका टोकाला, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे. दुसऱ्या टोकाला कोल्बी.

एकटा.

प्रेक्षकांत त्याची आई होती. एरवी तिचा आवाज पार पेट्रोल पंपापर्यंत जातो. ती तोंडात उकडलेल्या शेंगा कोंबून गप्प बसली होती.

मी चोरून कोल्बीकडे पाहिलं.

आणि...

त्याच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं.

टोपी खाली ओढलेली. अंगात जाडसर लोकरीचा, जुन्या पद्धतीचा गणवेश. सावलीतसुद्धा अंडं शिजेल अशा उन्हात... लोकर.

मी आमचा पहिला कॅचर रॅमसी, त्याला कोपर मारलं.

"ए, तिकडे कोण बसलंय रे?"

"तिकडे बघू नकोस."

"अरे पण कोल्बीच्या शेजारी..."

"तिकडे कुणी नाही. कोल्बीपण नाही. कळलं का गाढवा?"

कळलं. रीत म्हणजे रीत.

सहाव्या डावानंतर कोल्बी उठला. पिंपातून पाण्याचे दोन पेले भरून आणले. एक शेजारी धरला.

दुसराही शेजारीच धरला.

स्वतः एक घोटही घेतला नाही. पुन्हा उठला. पुन्हा दोन पेले.

त्या कुणाचा तरी गळा हलताना मला दिसत होता. पण पाणी बाकाखाली पडत होतं...

टप्... टप्... टप्...

सातव्या डावात त्याने तिघांना बाद केलं आणि तो येऊन बसला. आमची फलंदाजी सुरू झाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही सगळे घामाने निथळत होतो. कोल्बीचं कपाळ मात्र कोरडं ठाक. चेहरा विटेसारखा लाल.

मी कोच लॅडनरकडे गेलो.

"कोच, कोल्बीला घाम येत नाहीये."

कोच समोर मैदानाकडे बघत म्हणाले, "कोण कोल्बी?"

"कोच, त्याला ऊन लागलंय. मरेल तो!"

"डेंटन, जागेवर जाऊन बस."

मी परत वळलो. कोल्बीची मान एका बाजूला कलली होती.

आणि तो दुसरा... त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता.

मी चालायला लागलो. मागून दबके आवाज आले.

"ए, बस खाली!"

"वाट लावशील साल्या!"

"डेंट, आईशप्पथ, मारीन तुला!"

मी कोल्बीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो. त्याचा हात धरला. तव्याला हात लागावा तसा भाजला.

"कोल्बी. अरे, कोल्बी."

त्याने डोळे अर्धवट उघडले.

"हा सारखा पाणी मागतोय रे," तो म्हणाला. "देऊन देऊन दमलो. याची तहानच भागत नाही."

मी पलीकडे पाहिलं.

तिथे कुणीच नव्हतं. फक्त ओली जागा.

मी त्याला उचलून मागच्या खोलीत नेलं. एकानेही पाहिलं नाही. मी रीत मोडली म्हणून सगळे आता आपापल्या बुटांकडे बघत होते. बर्फाच्या टबात त्याला गळ्यापर्यंत बुडवलं. रुग्णवाहिकेला फोन केला. ती शेजारच्या गावाहून यायची होती.

मी त्याचं डोकं धरून बसलो. 'घोर रे, घोर एकदा,' असं म्हणत होतो. इतकी वर्षं उलट विनवण्या केल्या होत्या.

बाहेर आठवा डाव सुरू व्हायची वेळ झाली. आता पिचर सापडणार नाही, मग हाकाटी होईल, मग सगळे इकडे धावतील. मी वाट बघत राहिलो.

कुणी आलं नाही.

मग आवाज आला...

धप्प.

कॅचरच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज.

धप्प.

कोल्बीने टबातून माझ्याकडे पाहिलं.

"डेंट... कोण फेकतंय?"

त्याचे दात वाजत होते. माझेही. मी तर टबाबाहेर होतो.

आठवा डाव संपला. नववाही संपला. बाहेर असा जल्लोष उठला की खोलीचा पत्रा थरथरला.

असं जिंकलं की पूर्ण संघ धावत जाऊन पिचरच्या अंगावर ढीग करतो. आमच्यांनीही केला, मी दारातून पाहत होतो. वीसेक धट्टीकट्टी पोरं एकमेकांवर. मग हसत, खिदळत एकेक जण उठला.

शेवटचा उठला.

खाली कुणीच नव्हतं.

फक्त ओली माती.

तोवर रुग्णवाहिका पोचली होती. कोल्बी वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून एक डाव खेळला असता तर गेला असता.

संध्याकाळी रॅमसी इस्पितळाबाहेर भेटला. त्याचा तळवा सुजला होता.

"कुठला चेंडू टाक म्हणून मी केलेल्या खुणा त्याने एकदाही पाहिल्या नाहीत," तो म्हणाला. "चेंडू ओला यायचा. आणि डेंट... डाव्या हाताने फेकत होता."

कोल्बी उजव्या हाताने फेकतो.

"मग बोलला का नाहीस?"

"नो-हिटर चालू असताना?" वेड्याकडे बघावं तसा रॅमसी माझ्याकडे बघत राहिला.

हजारभर लोकांनी पाहिलं होतं. कुणी अवाक्षर काढलं नाही. चित्रफीत लावून पाहिली, तर त्या दोन डावांत पिचर जिथून फेकतो त्या मधल्या उंचवट्यावर नुसतं ऊन दिसतं.

कोच लॅडनर उशिरा आले. माझ्याशेजारी पायरीवर बसले. बराच वेळ टोपी कुरवाळत राहिले.

"होइट ब्रेलँड," ते म्हणाले. "एकोणीसशे अठ्ठावन्न. डावखुरा. सात डाव असेच काढले होते पोराने. मग आमची फलंदाजी चालू असताना बाकावर बसल्या बसल्या गेला. आठव्या डावाला उठला नाही, तेव्हा कळलं."

"कुणी पाहिलं नाही?"

"माझे वडील त्या संघाचे कॅचर. म्हणायचे, तो पाणी मागत होता. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं."

 

विद्यापीठाची बैठक झाली. कोल्बी तर टबात होता, मग शेवटचे दोन डाव कुणी टाकले, हे कागदावर कसं लिहायचं? नाव लिहिलं तर अपात्र खेळाडू उतरवला असं होतं. विद्यार्थ्याला चारच हंगाम खेळता येतं, आणि ब्रेलँडची मुदत संपून साठ वर्षं उलटलेली. समोरच्या संघालाही हा पराभव नकोच होता. सगळ्यांनी मिळून पाऊस पाडला.

कोल्बीने बेसबॉल सोडला. आता तो रात्री उठून टेबलावर पाण्याचा पेला भरून ठेवतो. मी विचारत नाही. सकाळी टेबल ओलं असतं, ते पुसतो.

नवा हंगाम सुरू झालाय. नवा पिचर आलाय, टकर शोमेकर. अठरा वर्षांचा, चांगला फेकतो. परवा चार डाव त्याने कुणाला फटका मारू दिला नाही. बाक हळूहळू रिकामा झाला.

टकर उठला. पाणी आणायला.

दोन पेले घेऊन आला...

पाचव्या डावाच्या पहिल्याच चेंडूवर फटका बसला. मी आयुष्यात समोरच्या संघासाठी इतक्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पण दर वेळी असा फटका बसेलच असं नाही. म्हणून काल मी अर्ज दिला. पोच मिळाली नाही. मजकूर असा:

प्रति,
मा. क्रीडा संचालक, टालाहाला स्टेट विद्यापीठ.

विषय: पिचर बदलण्याबाबत.

महोदय,

मुख्य प्रशिक्षक स्वतः मैदानात जाऊन हातातून चेंडू घेत नाहीत, तोवर पिचर खेळातच असतो. श्री. होइट ब्रेलँड यांच्या हातातून तो आजवर कुणीही घेतलेला नाही. तरी मुख्य प्रशिक्षकांना उंचवट्यावर पाठवून श्री. ब्रेलँड यांच्याकडे सर्वांसमक्ष पाहण्यात यावे, चेंडू परत घेण्यात यावा, खांद्यावर हात ठेवून 'पुरे झालं, बाळा' असे तोंडी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती. जाताना पाणी न्यावे.