उलटायची राहिलेली पाटी

सुमेधा नेमकं काय काम करते, हे तिच्या सासरी कुणाला धड सांगता येत नसे. अमेरिकेतले जुने खून, आगी, अपघात आणि भुताच्या दंतकथा सांगणारं एक चॅनेल होतं. त्याची यंत्राने लिहिलेली सबटायटल्स ती तोक्योत, हिगाशी-कसाईतल्या एका इमारतीच्या आठव्या मजल्यावर बसून तपासायची. "घरबसल्या मढी मोजते," असं देवदत्त, तिचा नवरा, चेष्टेने म्हणायचा. तिला त्यात भिण्यासारखं काही वाटत नसे. तिच्या लेखी त्या सगळ्या स्पेलिंगच्या चुका होत्या.

त्या डिसेंबरात तिच्याकडे पेनसिल्व्हेनियातल्या एका कोळशाच्या खाणीची दंतकथा आली. खाणीत उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला खुंटीला अडकवायचा, वर आलं की काढून घ्यायचा. एक कामगार घाईत बिल्ला तसाच ठेवून घरी गेला. संध्याकाळी स्फोट झाला. खुंटीवर बिल्ला दिसला म्हणून माणसं त्याला शोधायला खाली उतरली आणि तो त्यांना सापडला. जिवंत. त्याच वेळी तो घरी जेवायला बसलेला होता. बायकोने दोघांतल्या एकालाच घरात घेतलं. कुणाला, हे तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.

हे कानात ऐकत ऐकतच ती साडेचारला लेकीला, नुपूरला, आणायला होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात, पोचली. तिथे दाराशी एका फळ्यावर मुलांच्या नावांच्या लाकडी पाट्या टांगलेल्या असत. मूल आत असलं की लाल बाजू, घरी गेलं की पांढरी. पाटी उलटायचं काम पालकांचं. त्या दिवशी दारात ही गर्दी, तिथल्या बाई, मोरी-सेनसेई, एका रडव्या पोराच्या पायात बूट कोंबत होत्या. नुपूर बुटांच्या कपाटापाशी उभीच होती. सुमेधाने तिचा हात धरला, बाईंना लांबूनच वाकून नमस्कार केला आणि निघाली.

पाटी उलटायची राहिली, हे स्टेशनपाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं. एरवी नुपूर स्वतः पाटी उलटल्याशिवाय जागची हलत नसे.

"आता उद्या बोलणी खावी लागणार," सुमेधा म्हणाली.

"असू दे गं, आई."

सुमेधाला भरून आलं. चार वर्षांची ही पोर मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीतच द्यायची. पुण्याला आजीशी फोनवर बोलतानाही तेच. आज घरी येऊन ती शहाण्यासारखी जेवायला बसली आणि म्हणाली, "अजून थोडं वरण वाढ ना."

"अरे वा! सॅटर्डेच्या मराठी क्लासचा इफेक्ट दिसतोय," देवदत्त खूश झाला.

सुमेधाला मात्र कसंसंच झालं. नुपूर वरणाला कधी तोंड लावत नसे. शिवाय तिचं दप्तरही कुठे दिसत नव्हतं.

सहाला फोन वाजला. होइकुएनचा नंबर पाहून तिला उलट हायसं वाटलं.

"दप्तर राहिलं ना, सेनसेई? माफ करा, उद्या नेते," ती जपानीत म्हणाली.

"दप्तर तिच्या पाठीवरच आहे," मोरी-सेनसेई अदबीने, पण जरा वैतागून म्हणाल्या. "नुपूर-चान दीड तास तुमची वाट बघते आहे. तुम्हाला उशीर होणार होता का?"

सुमेधाने टेबलाकडे पाहिलं. नुपूर ताट बोटाने चाटूनपुसून साफ करत होती. नजर आईवर होती.

"कुणाचा फोन?" देवदत्तने विचारलं.

"कामाचा. दहा मिनिटांत आले. तू... दार उघडंच ठेव."

तिला भीती वाटत होती, आणि पोटच्या पोरीची भीती वाटते याची लाजही. सायकल हाणत ती पोचली.

फळ्यावर एकच पाटी लाल होती. पायरीवर दप्तर घेऊन नुपूर बसली होती. रडून डोळे सुजले होते.

"ओसोई," म्हणजे उशीर केलास, असं म्हणत ती गळ्यात पडली. अंग गरम होतं. केसांना खळीचा वास होता.

हीच. सुमेधाला शंकाच उरली नाही. तिने पाटी उलटली आणि लेकीला घट्ट उचलून घेतलं.

तेवढ्यात देवदत्तचा फोन आला. तो हसत होता.

"अगं, ही दारातच बसून राहिलीये. आत यायला तयार नाही. सारखं एकच विचारतेय, आई एकटीच येतेय ना?"