पापडीचा बसलेला केक

"माझा केक कुणीतरी मुद्दाम बिघडवतंय," उर्सुलाबाई दारातूनच म्हणाल्या आणि पिशवीतला केक त्यांनी मथुरा वर्तकांच्या टेबलावर ठेवला. ठेवताना वीट ठेवल्यासारखा आवाज झाला.

१९९८ चा जानेवारी होता. खाजगी तपासनीस म्हणून मथुराबाईंचा वसईत बराच बोलबाला होता. त्यांचे मदतनीस म्हणजे त्यांचेच यजमान, हरिश्चंद्र. बँकेतून निवृत्त, स्वभावाने गोड, तर्काच्या बाबतीत बैलगाडी.

हरिश्चंद्रांनी केकचा तुकडा मोडून पाहिला. मोडला नाही.

"रविवारी भाचीचं लग्न," उर्सुलाबाई सांगू लागल्या. "आमच्या पापडी गावात तीस वर्षं लग्नाचा केक माझाच. या आठवड्यात तीनदा नमुना केला, तिन्ही वेळा हा असा. हे काम फ्लॉसीचं. माझी नणंद, नवरीची आई. तिला वांद्र्याच्या बेकरीचा तीनमजली केक हवाय. तसं असेल, तर मी लग्नात पाऊल ठेवणार नाही."

भाची त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली होती.

दोघं लगोलग त्यांच्याबरोबर पापडीला, त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघर लखलखत होतं. पितळी डबे, हंडा, खुंटीवरच्या तराजूची पारडी, सगळं सोन्यासारखं. एका पारड्याला लाल दोरी होती आणि तेच खाली कललं होतं. "खुंटी तिरकी दिसते," म्हणत हरिश्चंद्रांनी ते वर उचललं. सोडताच ते पुन्हा खाली गेलं.

"मोजता कसं?" मथुराबाईंनी विचारलं.

"सासूबाईंची रीत. वजनं लागतच नाहीत. लाल दोरीच्या पारड्यात सहा अंडी, दुसऱ्यात तेवढाच मैदा. मग तेवढीच साखर, तेवढंच लोणी. अंडी लहान असोत की मोठी, माप चुकत नाही."

"आणि ओव्हन कोण बघतं?"

"मी," सून इझाबेल म्हणाली आणि तिने वाटीत भाजलेले छोटे केक पुढे केले. "हे आज सकाळचे. आईंच्याच मैद्याचे, त्याच अंड्यांचे, त्याच ओव्हनमधले. मला तराजू जमत नाही, मी आपली कपाने मोजते."

हरिश्चंद्रांनी तिसरा केक उचलेपर्यंत फ्लॉसीबाई आल्या. वहिनीचा संशय कानावर आल्याने त्यांचा चेहरा पडलेला होता.

"वांद्र्याचा केक हवा होता, खोटं कशाला बोलू? पण वहिनीचं मन कसं मोडणार? म्हणून गप्प बसले. उलट गेल्या रविवारी, वऱ्हाडी इथेच उतरणार म्हणून, हे सगळं स्वयंपाकघर मीच चिंचेने घासून दिलं."

"सून," हरिश्चंद्र बायकोच्या कानाशी लागले. "ओव्हन तिच्याच हातात."

"अहो, मग त्याच ओव्हनमधले तीन केक तुम्ही आत्ता कसे संपवलेत?"



मथुराबाई सगळ्यांकडे वळल्या. "इझाबेलचे केक हलके झाले. म्हणजे मैदा, अंडी, ओव्हन सगळं ठीक. दोन केकांत फरक एकच, मोजण्याचा." त्यांनी रिकामा तराजू उचलून धरला. लाल दोरीचं पारडं खाली गेलं. "खुंटी सरळ आहे, तराजूच कलतोय. मैद्याचं पारडं हलकं आहे. बरोबरी साधायला त्यात मैदा, साखर, लोणी सगळंच जास्त पडतं. त्या मानाने अंडी कमी, म्हणून केक बसतो."

"पण तीस वर्षं कसा बसला नाही?" उर्सुलाबाईंनी विचारलं.

"कारण तीस वर्षं त्याला पासंग होता. पारडी सारखी व्हावीत म्हणून हलक्या बाजूला काहीतरी चिकटवतात, तो. मागच्या रविवारी तराजू घासला गेला आणि याच आठवड्यात केक बिघडले. फ्लॉसीबाई, या मैद्याच्या पारड्याच्या बुडाला काय होतं?"

फ्लॉसीबाईंचा हात तोंडाकडे गेला. "मेणाचा काळा गोळा. मला घाण वाटली. सुरीने खरवडून टाकला."

उर्सुलाबाईंनी ते पारडं हातात घेऊन उलटं केलं. "मला ठाऊकच नव्हतं. ह्यांनी केळी विकायला आणलेला तराजू. त्यांनीच लावला असणार. मला कधी बोलले नाहीत."

"थोडक्यात, गुन्हेगार कुणी नाही," मथुराबाई म्हणाल्या. "नणंदेने मायेपोटी जरा जास्तच घासलं."

इझाबेलने मेणबत्ती वितळवली. पारडी सारखी होईपर्यंत मेण लावलं. चौथा केक ओव्हनमधून निघाला तो टम्म फुगून. पुरावा नीट तपासायला हवा म्हणून हरिश्चंद्रांनी दोन तुकडे घेतले.

उर्सुलाबाईंनी पदराने डोळे पुसले. "फ्लॉसी, तुला तीनमजली हवा होता ना?"

फ्लॉसीबाईंनी मान खाली घातली.

"मग तीन मजले करू. रविवारपर्यंत तू इथेच राहा, माझ्या एकटीच्याने व्हायचं नाही. आणि पोरीला निरोप धाड, मामी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणार आहे."